द्रव्यनिवड, अभियांत्रिकीय

यंत्राच्या अथवा संरचनेच्या विशिष्ट भागासाठी योग्य द्रव्य ठरविण्याच्या प्रक्रियेस द्रव्यनिवड म्हणतात. कोष्टकातील एकेका गुणधर्माचे आकडे शेजारी शेजारी मांडून केलेली तुलना पुष्कळदा फसवी ठरते. भागाचे कार्य समान धरून, ते पार पाडण्यास प्रत्येक द्रव्याला लागेल तेवढे आकारमान द्यावे आणि मगच वजन व खर्च ताडून पहावेत.

मुंबईतील घाटकोपर स्थानकावरून जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गावरील संपर्क तार हे याचे बोलके उदाहरण होय. २०° से. तापमानास तांब्याची विद्युत् रोधकता सु. १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर, तर ॲल्युमिनियमाची २.८२ × १०⁻⁸ ओहम-मीटर असते. समान जाडीच्या तारांत तांबे अर्थातच सरस ठरते. पण ही तुलना न्याय्य नव्हे. समान रोधासाठी ॲल्युमिनियमाच्या तारेचा छेद सु. १.६४ पट लागतो. मात्र दोहोंच्या घनता अनुक्रमे ८.९६ व २.७० ग्रॅ./घ. सेंमी. असल्याने या जाड तारेचे वजन तांब्याच्या तारेच्या सु. निम्मेच भरते. दूर अंतरावर वीज नेणाऱ्या तारा बहुधा पोलादी गाभ्यावर ॲल्युमिनियम गुंडाळून करतात, त्या यामुळेच.

तरीही संपर्क तार तांब्याचीच असते. गाडीच्या छतावरील पँटोग्राफ तिला सतत घासत जातो. ॲल्युमिनियम त्या मानाने मऊ असून त्यावरील ऑक्साइडाचा थर विद्युत् निरोधक असतो. शिवाय तार ताणून धरावी लागते आणि ती जाड केल्यास वाऱ्याचा भारही वाढतो. केवळ वीज वाहून नेणे एवढेच या तारेचे कार्य मानले, तर निवड चुकते.

मुंबईत पहिली विद्युत् गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १,५०० व्होल्ट एकदिश दाबावर कुर्ल्यापर्यंत धावली. घाटकोपरचा मार्गही पुढे याच दाबावर चाले. २०१५ पर्यंत तेथे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाब आला. तेवढ्याच शक्तीसाठी आता सु. एक-सतरांश प्रवाह पुरतो. त्यामुळे या पद्धतीत १०७ चौ. मिमी. छेदाची संपर्क तार चालते. तांब्याची बचत हा या बदलाचा मुख्य हेतू नव्हता. पण धातू न बदलताही ती साधली.

यांत्रिक भाराबाबतही हेच दिसते. समान दृढतेच्या ताणदांड्यासाठी पोलाद व ॲल्युमिनियम यांचे वजन जवळजवळ सारखे भरते. रुंदी कायम ठेवून खोली वाढविता येणाऱ्या तुळईत मात्र ॲल्युमिनियमाची तुळई सु. ४४ टक्के अधिक खोल करूनही वजनाने निम्मी होते. अर्थात तेवढी खोली मावण्यास जागा असली तरच.