लेखांक ७ : दगडाची भिंत कशाने तरते?

किल्लारीच्या भूकंपाला तीन दशकं उलटली, तरी मराठवाड्यात दगडाच्या घराची धास्ती कायम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे ६.२ रिश्टरच्या धक्क्याने हजारो माणसं भिंतींखाली गाडली गेली. ती धास्ती पोकळ कोण म्हणेल? पण त्या भिंती कशा पडल्या हे पाहिलं, की दोष दगडावर ढकलता येत नाही. भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड होत्या. ही जाडी मात्र एकसंध नव्हती. बाहेर एक थर, आत एक थर आणि मधल्या पोकळीत गोटे, चिपा, माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. अशी भिंत हादरली की मधली भर खाली बसते, दोन्ही थरांना बाहेर रेटते. भिंत पोटाशी फुगते आणि उभी फाटते. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नसतील, तर त्या सुट्या होऊन कोसळतात. त्यात माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. जितकं वजन जास्त, तितका भूकंपाचा आडवा जोरही जास्त.

याच भूकंपात अनेक घरांच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब आणि तुळया माळवद पेलून उभ्या राहिल्या. एकमेकांना धरून असलेले भाग टिकले, सुटे होते ते पडले. हिमाचलातल्या काठकुणी घरांत हेच सूत्र भिंतीच्या आत उतरवलेलं दिसतं. भिंतीच्या दोन्ही अंगांना देवदाराच्या तुळया आडव्या टाकायच्या, आडव्या लाकडी खुंट्यांनी त्या एकमेकींना जखडायच्या, मधे सुके दगड रचायचे. मग पुन्हा तुळया. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंच्या तुळया एकमेकींवर चढतात. धक्का बसला की दगड जरासे सरकतात, घासतात आणि त्या घर्षणात धक्क्याचा बराच जोर जिरतो. तुळया मात्र त्यांना भिंतीबाहेर पडू देत नाहीत. उत्तराखंडात यमुनेच्या खोऱ्यातली याच धर्तीची बहुमजली जुनी घरं १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपानंतरही उभी राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की सिमेंट-काँक्रीट असताना दगडाचा आग्रह कशाला? २००१ च्या भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. सामान नवं असलं म्हणजे बांधणी आपोआप चांगली होते असं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : देवदार किंवा सागवान आज कोणाला परवडतं? परवडत नाही, हे खरं. पण लाकडाचं काम दरवाजा-खिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींना सलग वेढणारा काँक्रीटचा पट्टा करू शकतो. शिवाय आपल्याच भारतीय मानकांनी कमकुवत दगडी बांधकामासाठी दर ६० सेंटिमीटर उंचीला, एकमेकांपासून १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार दगड बसवायला सांगितलं आहे. त्यासाठी परदेशी तंत्र लागत नाही. गवंड्याची शिस्त आणि बांधकामावर मालकाची नजर लागते.

फार मोठ्या भूकंपात असं घरही हमखास वाचेल, असा दावा कोणी करू नये. मध्यम धक्क्यात मात्र भिंतीला तडे जाऊनही छप्पर डोक्यावर न येणं आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळणं, एवढं साधता येतं. म्हणून दगडी घरात राहणाऱ्यांना घाबरवण्यापेक्षा भिंत बांधून घ्यायला शिकवणं जास्त गरजेचं आहे. आज उभ्या असलेल्या जुन्या भिंतींत, त्या न पाडता, आरपार दगड कसे बसवायचे ते पुढच्या लेखात पाहू.