पैसा रबरावर, काटकसर लोखंडावर

कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्याआधी गाडीला चार टायर आणखी घ्यावे लागतात. ते कमी खर्चात, तरीही सुरक्षिततेला धक्का न लावता कसे निवडावेत?

पुण्या-नागपुराहून कॅनडात नोकरीसाठी गेलेलं तरुण जोडपं बहुधा पहिल्या काही महिन्यांत एखादी वापरलेली कोरोला किंवा सिव्हिक घेतं. ऑक्टोबर लागला की ऑफिसातले सहकारी विचारू लागतात, 'विंटर टायर घेतले का?' गाडीच्या टायरची नक्षी तर शाबूत असते. घरभाडं, जाड कोट, बर्फातले बूट अशी खर्चाची यादी आधीच लांबलेली असते. त्यात आणखी चार टायर म्हणजे उधळपट्टी वाटते. ती उधळपट्टी नाही, आणि विचारपूर्वक निवड केली तर खर्चही आवाक्यात राहतो. सूत्र सोपं आहे. पैसा रबरावर खर्च करायचा आणि काटकसर लोखंडावर करायची.

थंडीत रबराचं काय होतं?

टायर रस्ता धरतो तो रबर मऊ असल्यामुळे. रस्त्याच्या बारीक खडबडीत ते दबून बसतं आणि पकड मिळते. तापमान उतरलं की रबर ताठर होत जातं. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरची पकड कमी होऊ लागते, मग रस्ता कोरडा का असेना. म्हणजे प्रश्न फक्त बर्फाचा नाही, थंडीचाही आहे.

हिवाळी टायरचं रबरच वेगळ्या मिश्रणाचं असतं. त्यात सिलिका असते, नैसर्गिक रबराचं प्रमाण सहसा जास्त असतं, त्यामुळे उणे २० अंशांतही ते लवचीक राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. गाडी चालताना त्या उघडतात आणि त्यांच्या अनेक कडा बर्फाला धरतात. रुंद खाचांत भुसभुशीत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फ चांगला चिकटतो.

सर्वांत घसरडा असतो तो शून्याच्या आसपासचा बर्फ, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. १९८८ साली जपानमध्ये आलेल्या ब्रिजस्टोनच्या ब्लिझॅक टायरमध्ये सूक्ष्म छिद्रांचं रबर वापरलं गेलं, ते हा थर शोषून घेण्यासाठी. त्याआधी लोखंडी खिळ्यांच्या टायरवर भर होता. पण खिळे रस्ता खरवडतात आणि त्याची धूळ शहरभर होते. शेवटी जपानने १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदाच केला. दक्षिण ओंटारिओच्या रहिवाशांनाही खिळ्यांच्या टायरची परवानगी नाही, आणि शहरात राहणाऱ्याला त्यांची गरजही नाही.

'आमची गाडी चारही चाकं ओढणारी आहे' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. त्या यंत्रणेने गाडी बर्फातून लवकर निघते. थांबताना मात्र सगळा भरवसा टायरवरच असतो.

कोणतं चिन्ह पाहायचं?

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तरच तो हिवाळी टायर मानावा. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाने ते आणलं. बर्फावरच्या चाचणीत संदर्भासाठी ठरवलेल्या टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दिसली, तरच ते मिळतं. 'एम' आणि 'एस' ही अक्षरं केवळ नक्षीच्या रचनेबद्दल सांगतात. त्यांच्यामागे अशी चाचणी नाही.

कायदाही पाहायला हवा. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ब्रिटिश कोलंबियात ठरावीक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून तिथल्या विमा कंपन्यांना हिवाळी टायर बसवणाऱ्यांना सवलत द्यावी लागते. ती आपणहून मागावी आणि बिल जपून ठेवावं.

'ऑल सीझन' या नावाने मात्र फसू नये. कॅनडाच्या थंडीत तो फार तर तीन ऋतूंचा टायर ठरतो. 'ऑल वेदर' हा प्रकार वेगळा. त्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं आणि तो वर्षभर ठेवता येतो. व्हँकुव्हरसारख्या सौम्य हवेत, थोडंच फिरणाऱ्या माणसासाठी तो समजूतदार पर्याय आहे. मॉन्ट्रियल, ओटावा किंवा विनिपेगमध्ये मात्र खरा हिवाळी टायरच हवा.

एक इंच उतरा

बचतीची खरी जागा आकारात आहे. गाडी २२५/४५ आर १७ टायरवर आली असेल, तर त्यात २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची आणि १७ हा रिमचा इंचातला व्यास. या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर भरतो. २०५/५५ आर १६ चा सुमारे ६३२ आणि १९५/६५ आर १५ चा पुन्हा ६३४. म्हणजे रिम लहान झाला तरी चाक तेवढंच राहतं आणि स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही.

लहान रिमचा टायर सहसा स्वस्त असतो. तो अरुंद असल्यामुळे सैल बर्फ आणि चिखल कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. त्याची बाजू उंच असल्याने बर्फ वितळल्यावर उघडे पडणारे खड्डेही तो जास्त सोसतो. खर्च कमी आणि चाल चांगली, असा योग क्वचितच जुळतो, तो इथे साधावा. अट एकच, रिमच्या आत ब्रेकचा कॅलिपर मावला पाहिजे. त्याच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीला कंपनी कोणता आकार देते, ते मॅन्युअलमध्ये पाहावं. ब्रेक सारखेच असतील तर तो आकार बिनधास्त घ्यावा. भार दाखवणारा आकडा मात्र कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी चालत नाही.

साधा लोखंडी रिम पुरे

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने चकचकीत अलॉयचा मुलामा उडतो. काळा लोखंडी रिम गंजतो, पण कामाला चुकत नाही आणि खड्ड्यात वाकला तर बहुधा सरळही करता येतो. दिसायला रुक्ष आहे, एवढाच त्याचा दोष.

रिम घेताना बोल्टांचं अंतर, मधलं भोक आणि आत-बाहेर बसण्याचं माप, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. अनेक जपानी गाड्यांना ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात, फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांना ११२ च्या. मधलं भोक मोठं असेल तर कडी बसवून ते हबशी जुळवावं, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. नटही तपासावेत. होंडाच्या मूळ रिमचे नट गोल बैठकीचे असतात, बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे लागतात. चुकीचा नट घट्ट वाटला तरी सुटू शकतो. हवेचा दाब सांगणारे सेन्सर अमेरिकेत नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत, कॅनडात नाहीत. पैसे अपुरे असतील तर हिवाळी चाकांत ते न बसवता दर पंधरा दिवसांनी स्वतः हवा तपासावी.

वेगळे रिम परवडतात का?

समजा चार रिमना ३६० डॉलर पडले. वेगळे रिम नसतील तर एकाच रिमवर टायर उतरवून-चढवून बॅलन्सिंग करायला दर वेळी १२० डॉलर लागतात आणि तयार चाकं नुसती बदलायला ६०. वर्षातून दोनदा बदल म्हणजे वर्षाला १२० डॉलर वाचले. तीन वर्षांत रिमचे पैसे फिटले. आपल्या गावचे दर घालून हाच हिशोब करावा. शिवाय वारंवार उपटण्याने टायरची कड दुखावते, ते टळतं. आणि हिवाळी जोड धावतो तेव्हा उन्हाळी जोड विश्रांती घेतो, त्यामुळे दोन्ही जास्त टिकतात.

वापरलेला संचही घेता येतो. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. नव्या हिवाळी टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ४ च्या खाली ती बर्फात कुचकामी, मग कायद्याची किमान मर्यादा काहीही असो. भेगा, फुगवटे, वाकलेली रिमची कड दिसली तर किंमत विचारूही नये. आणि घ्यायचे ते चारही. पुढे दोनच हिवाळी टायर बसवले तर पुढचा भाग रस्ता धरतो, मागचा सुटतो आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरू शकते.

बसवल्यानंतर

नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानेच, टॉर्क पान्याने आवळावेत. सिव्हिकसाठी तो १०८ न्यूटन-मीटर आहे. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. तापमान दर ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पौंड कमी होते. म्हणजे २० अंशांत भरलेली हवा उणे २० मध्ये सात पौंडांनी उतरलेली असते. काढून ठेवलेली चाकं रिमसकट असतील तर आडवी रचावीत, नुसते टायर असतील तर उभे ठेवावेत. कोणत्या बाजूचं कोणतं चाक, ते खडूने लिहून ठेवावं.

खरेदी सप्टेंबरअखेर करावी. पहिला बर्फ पडला की सगळं शहर एकाच दिवशी टायरच्या दुकानात धाव घेतं आणि हव्या त्या आकाराचा टायर संपलेला असतो. पैसे कमी पडत असतील तर रिम साधा घ्या, व्यास एक इंच कमी करा, चाकावरची झाकणं घेऊ नका, सेन्सर पुढच्या वर्षावर टाका. गाडीच थोडी जुनी घेतली तरी हरकत नाही. पण परक्या मुलखात पहिल्या हिवाळ्यात ब्रेक दाबाल, तेव्हा गाडी थांबवणारे ते चार तळवे उत्तमच असले पाहिजेत.