चतुरांचे छायाचित्रण : सड्यावरील जीवसृष्टीचा पुरावा

प्रस्तावना : रत्नागिरी परिसरातील जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात उजाड भासतो. पावसाळ्यात मात्र त्यावरील खळग्यांत पाणी साठते आणि चतुर व टाचण्यांचा वावर सुरू होतो. सडा म्हणजे पडीक जमीन, असा समज रूढ असल्यामुळे तेथील जीवांची नोंद होण्यापूर्वीच चिरेखाण सुरू होण्याचा धोका असतो. अशा वेळी छायाचित्र हा कीटकास न मारता मिळणारा पुरावा होय. तथापि, प्रत्येक सुंदर छायाचित्र पुरावा ठरत नाही. त्यामागील कारणे व उपाय प्रस्तुत लेखात मांडले आहेत.

ओळखीचे निकष : चतुराचा रंग वय व लिंग यांनुसार बदलतो, म्हणून केवळ रंगावरून केलेली ओळख फसवी ठरू शकते. पंखांतील शिरा, छातीवरील पट्टे आणि नराच्या उदराच्या टोकावरील उपांगे ही अधिक विश्वसनीय लक्षणे होत. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट असलेल्या सिंधुदुर्गातील चौकुळ येथून २०२२ मध्ये ‘बर्मागोम्फस चौकुलेन्सिस’ ही नवी प्रजाती वर्णिली गेली. तिचे वेगळेपण सिद्ध करताना छातीवरील खुणा व उपांगांचा आकार यांचाच आधार घेण्यात आला.

कार्यपद्धती : यावरून एकाच कीटकाची किमान तीन छायाचित्रे आवश्यक ठरतात : बाजूने, वरून आणि उदराच्या टोकाचे. कॅमेरा शरीराला समांतर धरल्यास डोक्यापासून टोकापर्यंतचा भाग सुस्पष्ट येतो. संयुक्त नेत्रांमुळे चतुरास जवळपास सर्व दिशांची हालचाल दिसते. म्हणून पाठलाग व्यर्थ होय. अनेक प्रजातींचे नर आपल्या ठरावीक काडीवर पुनःपुन्हा येऊन बसतात. तेथे स्वतःची सावली पडू न देता स्थिर थांबावे. सकाळी अंग तापेपर्यंत त्यांच्या हालचाली मंद असतात. नुकत्याच कात टाकलेल्या चतुराचे पंख मृदू असल्याने त्यास स्पर्श करू नये. प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, स्थळ व पाणवठ्याचे स्वरूप नोंदवावे.

समारोप : काही प्रजातींची खात्री सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीशिवाय होत नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय. परंतु महाविद्यालयालगतच्या एकाच डबक्याची जून ते ऑक्टोबर अशी सलग नोंद विद्यार्थ्यांकडून दरवर्षी करून घेणे सहज शक्य आहे. सड्यावर उद्या खाण प्रस्तावित झाल्यास तेथे काय होते, हे सांगणारा दस्तऐवज त्यामुळे उपलब्ध राहील.