विलायतेंतील पहिले दिवस

परदेशीं शिकावयास निघालेल्या मुलाला अथवा मुलीला घरचीं माणसें थंडीचे कपडे, जेवणाची सोय व पैसे यांविषयीं पुन्हा पुन्हा विचारतात, आणि तें योग्यच आहे. परंतु सहसा कोणी विचारीत नाहीं असा एक प्रश्न उरतोच. ज्यांच्या आश्रयानें आपण तेथें राहणार, ज्यांचें अन्न खाणार व ज्यांच्यापासून विद्या घेणार, त्यांचें म्हणणें कोठवर मानावयाचें? ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या बाबतींत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. यजमान व पाहुणा एकाच प्रभूचे म्हणविणारे असले म्हणजे त्या देशाच्या चालीरीति कोठें संपल्या आणि धर्म कोठें सुरू झाला, हें ओळखणें कठीण जातें. या प्रश्नाचा उलगडा पुस्तकी रीतीनें करीत बसण्यापेक्षां पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडांतील दिवसांकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें. रमाबाई म्हटलें म्हणजे आपल्यापुढें केडगांवचें मुक्तिसदन व पांढऱ्या लुगड्यांतील प्रौढ बाई उभ्या राहतात. त्याहि एके काळीं परक्या गांवांत नव्यानें आलेल्या, थोडेंसेंच इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थिनी होत्या, हें आपण विसरतों.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. घरांत संस्कृत विद्या होती व ती मुलीलाहि मिळाली. दुष्काळांत आईबाप गेल्यावर भावाबरोबर देशभर पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या, आणि तेथील विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० त बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशीं विवाह, १८८१ त मनोरमेचा जन्म, आणि १८८२ च्या आरंभीं पतीचा मृत्यु. त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना या देशांत स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे तें त्यांनीं सांगितलें, आणि मग आपणच वैद्यक शिकावें असें त्यांच्या मनानें घेतलें.

मार्ग कसा निघाला तें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांतील वाँटेज या गांवीं १८४८ सालीं तेथील धर्मगुरु बटलर यांनीं सेंट मेरी द व्हर्जिन या नांवाची भगिनींची संस्था स्थापिली होती, व १८७७ पासून त्या भगिनींचें काम पुण्यास चालू होतें. त्यांच्याशीं रमाबाईंची ओळख झाली. प्रवासाच्या पैशाला 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या १८८२ च्या मराठी पुस्तकाच्या विक्रीचा आधार मिळाला. राहण्याजेवण्याच्या बदल्यांत हिंदुस्थानांत यावयाच्या भगिनींस त्यांनीं मराठी शिकवावी, असें ठरलें. ही शेवटची गोष्ट आमच्या वाचकांतील आईबापांनीं विशेष लक्षांत घ्यावी. पाहुणचार घ्यावयाचा तर त्याचें मोल आपल्याजवळील विद्येनें द्यावयाचें, हा करार बाई घरून निघण्यापूर्वींच झाला होता. पुढें मतभेद झाले तेव्हां त्यांना मान ताठ ठेवून बोलतां आलें, याचें एक कारण आमच्या मतें या करारांत आहे.

१८८३ च्या एप्रिलांत त्या मुंबईहून आगबोटीनें निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नांवाच्या एक सोबतीण होत्या. त्या वेळीं रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. मे महिन्यांत तीं इंग्लंडास पोंचलीं, व प्रवासाची हकीकत बाईंनीं मराठींत पत्ररूपानें लिहून पाठविली. ती 'इंग्लंडचा प्रवास' या नांवानें त्याच सालीं छापली गेली. नवा देश पाहतांना डोळे उघडे असावे आणि लेखणी आपल्या भाषेंत चालावी, याचा तो चांगला नमुना आहे.

वाँटेज हें लहानसें बाजारगांव. इंग्रजांचा राजा आल्फ्रेड येथें जन्मला, व बाजाराच्या चौकांत त्याचा पुतळा आहे. गांव विषुववृत्तापासून सुमारें साडेएक्कावन अंश उत्तरेस आहे आणि आपलें पुणें साडेअठरा अंशांवर. पृथ्वीचा आंस कललेला असल्यामुळें जसजसें उत्तरेस जावें तसतसा उन्हाळ्याचा व हिवाळ्याचा दिवस यांतील फरक वाढत जातो. पुण्यास सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान अकरा तासांचा. वाँटेजला जूनमध्यें साडेसोळा तास उजेड असतो, आणि डिसेंबरांत जेमतेम आठ तास. म्हणून मे महिन्यांत तेथें उतरणाऱ्याला वाटतें कीं, या देशांत रात्रच होत नाहीं. आणि पुढें नोव्हेंबर लागला कीं दुपारीं चारच्या सुमारास दिवे लावतांना त्याला घर आठवूं लागतें. हल्लीं बहुतेक विद्यार्थी सप्टेंबरांत जातात, म्हणजे त्यांचे अगदीं पहिलेच महिने दिवस आखडण्याचे असतात. मन उदास होण्याला पुष्कळदां एवढेंहि कारण पुरतें, आणि तें ठाऊक असलें म्हणजे निम्मी भीति जाते. उजेड आहे तोंवर रोज बाहेर पडून चालत जावें, हा तेथील जुन्या लोकांचा सल्ला ऐकण्याजोगा आहे.

उदासपणाची गोष्ट निघाली म्हणून एक दुःखद हकीकत सांगणें भाग आहे. ती टाळली तर हा लेख खोटा होईल. वाँटेजला आल्यावर थोड्याच महिन्यांत आनंदीबाई भगत यांनीं स्वतःच्या हातानें आपल्या जीविताचा अंत केला. आपल्याला बळजबरीनें ख्रिस्ती करणार, या भीतीनें त्यांचें मन ढळलें होतें, असें ऑक्सफर्डचे पंडित मॅक्समुल्लर यांनीं लिहून ठेवलें आहे. या आघातानंतर रमाबाई कांहीं दिवस त्यांच्याच घरीं राहिल्या. त्यांना रात्रीं एकट्यानें खोलींत निजवत नसे. परक्या देशांतील एकटेपणाची थट्टा करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पूर्वीं इकडचें पत्र तिकडे पोंचावयास तीन-चार आठवडे लागत. आतां मुलगा रोज रात्रीं आईशीं बोलतो व तिला त्याचा चेहराहि दिसतो. तरी चेहरा दिसतो म्हणून मन दिसतेंच असें नाहीं. मुलाचें खाणें, निजणें व बोलणें एकाएकीं बदललेलें दिसलें तर आईबापांनीं सरळ विचारावें, आणि मुलानें तेथील शिक्षकांस, डॉक्टरांस अथवा पाळकांस तत्काळ सांगावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

असें असूनहि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनाची तयारी पुण्यापासूनच होत होती. फादर नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणानें त्यांच्या बुद्धीचें समाधान झालें. अंतःकरण मात्र हाललें तें लंडनांतील फुलहॅम येथें. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांना भगिनी तेथें मायेनें वागवीत होत्या. याचें कारण बाईंनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांस ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा योहानाच्या शुभवर्तमानांतील वृत्तांत वाचून दाखविला. कोणाच्या दडपणानें ही गोष्ट झाली नाहीं. पुढें त्यांचें जें वागणें झालें त्यावरूनच तें सिद्ध होतें. दडपणानें वाकणारी बाई जेवणाच्या पानावरून भांडती ना.

कारण पहिला खटका उडाला तो जेवणाचा. रमाबाई शाकाहारी होत्या व बाप्तिस्म्यानंतरहि तशाच राहिल्या. इंग्रजी जेवणांत जें पुडिंग म्हणून गोड पक्वान्न असतें, त्यांत अंडें असतें आणि कांहीं प्रकारांत गोमांसाची चरबीहि घालतात. जेलींत जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढलेला पदार्थ असतो. नांवावरून यांतलें कांहींच कळत नाहीं. बाई असे पदार्थ घेत ना. भगिनींना वाटे, हा जातीचा अभिमान अजून गेलेला नाहीं. ख्रिस्ती झाल्यावर सोवळें कसलें? बाईंचें उत्तर सरळ होतें. तुम्हांला पुडिंगामध्यें माझा अभिमान शोधावयाचा असेल तर खुशाल शोधा, परंतु जें मला खावेंसें वाटत नाहीं तें मी खाणार नाहीं, अशा अर्थाचें त्यांनीं लिहिलें. आम्हांस येथें बाईंचें म्हणणें पटतें. मांस खाणें हें ख्रिस्ताच्या शिकवणींत पुण्य म्हणून सांगितलेलें नाहीं, व न खाणें हें पाप म्हणूनहि नाहीं. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चवदाव्या अध्यायांत खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास तुच्छ मानूं नये व न खाणाऱ्यानें खाणाऱ्यास दोष देऊं नये, असा दोघांनाहि उपदेश केला आहे. तो अध्याय त्या वेळीं भोजनगृहांत कोणीं मोठ्यानें वाचला असता तर बरें झालें असतें!

दुसरा वाद भाषेचा. बाईंनीं जो क्रूस घालावयाचा त्यावर लॅटिन अक्षरें होतीं. बाईंना लॅटिन येत नव्हती, आणि हिंदुस्थानांतील त्यांच्या बहिणींनाहि ती येणार नव्हती. मग संस्कृत शब्द कां नकोत? लॅटिनमध्यें असें काय अधिक पवित्र आहे, हा त्यांचा प्रश्न होता. गोष्ट लहान, पण तिच्यांत मोठा अर्थ भरला होता. येशूच्या क्रूसावरील लेख इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होता, म्हणजे जे जे वाचणारे होते त्यांस तो समजावा म्हणून होता. ज्याला तो समजत नाहीं त्याच्या गळ्यांत तो बांधून काय उपयोग? याच बाईंनीं पुढें कित्येक वर्षें खपून मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सर्व पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या, आणि तें भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

वैद्यकाचा बेत मात्र फसला. बाईंना ऐकूं कमी येई, म्हणून तो सोडावा लागला. १८८४ त त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध कॉलेजांत गेल्या. तेथें त्या गणित, सृष्टिविज्ञान व इंग्रजी वाङ्मय शिकत आणि संस्कृत शिकवीत. मुख्य बाई डॉरोथिया बील या १८५८ पासून तेथें होत्या. त्यांच्या मनांत आलें कीं, या विदुषीनें पुरुष विद्यार्थ्यांसहि शिकवावें. त्यावर हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. असें केल्यानें हिंदुस्थानांत बाईंचें वजन कमी होईल, असें त्यांचें म्हणणें. ज्या बाईनें कलकत्त्याच्या पंडितांपुढें व पुण्याच्या सभांत व्याख्यानें दिलीं तिला हें सांगणें जरा चमत्कारिकच होतें. माझ्या देशांतील लोक काय म्हणतील तें मला अधिक ठाऊक आहे, आणि मला न विचारतां माझ्याविषयीं कोणीं ठरवूं नये, असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढल्यावर तसेंच दुसरें आपण होऊन घेणार नाहीं, असाहि त्यांच्या पत्रांतील भाव आहे.

बील बाईंची रीत निराळी होती. त्र्यैक्यासारख्या कठीण मतांविषयीं रमाबाई शंका काढीत, तेव्हां त्या रागावत नसत. लांब पत्रें लिहून शांतपणें समजावीत. एकाच देशांत ख्रिस्ती लोकांचे इतके पंथ कसे, याचेंहि रमाबाईंस मोठें आश्चर्य वाटलें होतें. आजच्या आमच्या विद्यार्थ्यांना हा गोंधळ थोडा कमी वाटावा. १९७० सालीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची चर्च झाली. तिच्यांत अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे लोक एकाच मेजाशीं बसतात. तेव्हां आपल्या पाळकांचें पत्र घेऊन जावें, व पहिल्या रविवारींच जवळच्या उपासनामंदिरांत जाऊन तें द्यावें. चर्चची इमारत मोठी आणि माणसें थोडीं व बहुतेक म्हातारीं, असें तेथें पुष्कळ ठिकाणीं दिसतें. निराश होऊं नये. त्या म्हाताऱ्या माणसांपाशीं वेळ असतो, चहा असतो, आणि परक्या मुलाची चौकशी करण्याची संवय असते.

वाँटेजच्या बाजूनेंहि दोन शब्द लिहिणें न्यायाचें आहे. ज्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं बाईंचे बहुतेक वाद झाले, त्याच बाप्तिस्म्याच्या वेळच्या त्यांच्या धर्ममाता. मायलेकी त्यांस 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्रांच्या मथळ्यावरहि रमाबाई हाच मराठी शब्द लिहीत, आणि त्याच पत्रांत खालीं आज्ञापालनाच्या मर्यादेवरून कडक भाषा वापरीत. मनोरमा वाँटेजला भगिनींजवळ राही. तिचें दुखणेंखुपणें त्यांनींच काढलें. मुलगी आपल्या देशाच्या माणसांना परकी होऊं नये, ही आईची काळजी; ती चांगली ख्रिस्ती व्हावी, ही आजीबाईंची. दोघींचेंहि खरें होतें, आणि म्हणूनच तो वाद लवकर मिटेना.

१८८६ च्या फेब्रुवारींत रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या, व ११ मार्च रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली त्या समारंभास हजर राहिल्या. आजीबाईंशीं पत्रव्यवहार पुढेंहि चालू राहिला. पत्रें गोळा करून नीट लावून ठेवण्याचें काम सिस्टर जेराल्डीन यांनींच केलें. ज्यांत त्यांना खडे बोल ऐकविलेले होते तींहि त्यांनीं फाडलीं नाहींत. १९७७ सालीं महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृति मंडळानें मुंबईस तीं छापून प्रसिद्ध केलीं.