पांढरी पाचचा पाहुणा

विजेतला ‘गोंगाट’ कमी केला तर घरच्या स्टिरिओवरचं गाणं खरोखर सुधारतं का? याचं उत्तर गाणं थांबवूनच शोधावं लागतं.

आलाप संपतो आणि तबल्याची पहिली थाप पडण्याआधी क्षणभर सगळं थांबतं. नेमक्या त्या क्षणी माझ्या स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा बारीक, सलग आवाज यायचा. जुन्या रेकॉर्ड प्लेअरला नवा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तेव्हापासून हा पाहुणा घरात होता. एकदा गंमत म्हणून पेटीवर त्याचा सूर शोधला. पांढरी पाचच्या किंचित वर, काळी चारच्या खाली.

असा आवाज भारतातल्या कुठल्याही घरात आला, तर बहुधा याच सुरात येईल. आपली वीज सेकंदाला ५० झोके घेते. तिची डीसी करताना उलटे झोकेही सुलट केले जातात, म्हणून तिथे १०० हर्ट्झची लहर उरते. खालच्या सप्तकातली पांढरी पाच आहे ९८ हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे तोच सूर आणखी एक सप्तक खाली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथे हा पाहुणा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध जाऊन बसतो.

त्याला घालवण्यासाठी बाजारात मनगटाएवढ्या जाड पॉवर केबल आहेत, ‘पॉवर कंडिशनर’ आहेत, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना आहेत. वीज शुद्ध झाली की गाण्यातले झाकलेले बारकावे उघडे होतात, असं विकणारे सांगतात. यात थोडं तथ्य आहे, आणि त्या थोड्याच्या आधारावर उरलेलं सगळं खपतं.

गोंगाट शिरतो कुठून?

भिंतीतली २३० व्होल्टची वीज स्पीकरपर्यंत थेट कधीच पोचत नाही. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो, डायोड तिला एका दिशेला वळवतात आणि मोठे कपॅसिटर गच्चीवरच्या टाकीचं काम करतात. महापालिकेचं पाणी थांबून थांबून आलं, तरी टाकीखालच्या नळाची धार एकसारखी राहते, तसं. एवढं करून उरलेली लहर अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट स्वतः दाबतं. हे दाबणं ८० डेसिबलचं असेल, तर १ मिलिव्होल्टची लहर ०.१ मायक्रोव्होल्टवर येते. कोयनेहून किंवा चंद्रपूरहून शेकडो किलोमीटर तारांतून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरची महागडी केबल याहून जास्त काय देणार?

पण हे दाबणं सगळ्या कंपनांना सारखं लागू पडत नाही. कंपनसंख्या वाढत गेली की ते ढिलं पडतं. घुंडी फिरवून पंख्याचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेचा प्रत्येक झोका मध्येच कापतो, आणि त्या कापलेल्या कडेतून वरच्या कंपनांची खरखर उडते. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जरही त्यात भर घालतात. टू-जी फोन स्पीकरजवळ ठेवला की कॉल यायच्या आधीच ‘टर्र-टर्र’ ऐकू यायचं, ते आठवत असेल. फोनच्या रेडिओलहरी कानाला ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण त्या सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होत. अ‍ॅम्प्लिफायरमधले अर्धवाहक भाग नकळत रेडिओ रिसीव्हरसारखे वागत आणि ते २१७ हर्ट्झ आपल्यापर्यंत पोचवत.

घरातल्या गुणगुणीमागे मात्र बहुतेकदा ग्राउंड लूप असतो. दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी झालेलं असतं आणि आपण ती ऑडिओ केबलने जोडतो. दोन्ही ठिकाणच्या ‘शून्य’ व्होल्टमध्ये थोडा फरक असतो, त्यामुळे केबलच्या बाहेरच्या जाळीतून विजेचा चोरटा प्रवाह वाहू लागतो. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर धरला, तर १ मिलिव्होल्टचा गोंगाट गाण्यात मिसळतो.

सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टचा सिग्नल देतो, त्याच्यापुढे हा १ मिलिव्होल्ट दोन हजारांत एक. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून मात्र जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणजे पाचात एक! शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि वाजवताना तो पुन्हा वाढवावा लागतो. ५० हर्ट्झच्या आसपास हे वाढवणं मधल्या सुरांच्या मानाने सुमारे सातपट असतं. पाहुण्याला आपणच पाट-पाणी देतो म्हणायचं.

कानापर्यंत किती पोचतं?

समजा १०० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर १०० डेसिबल आहे आणि स्पीकर १ वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज देतो. अशा जोडीचा स्वतःचा गोंगाट एक मीटरवर ८ डेसिबल भरतो. शहरातली खोली रात्री सगळे निजल्यावरही ३० डेसिबलच्या आसपास असते, पंखा लावला की त्याहून वर. त्या ८ डेसिबलचे ५ केले, तर कानाला कळणार कसं?

खालच्या सुरांच्या बाबतीत आपला कान तसाही मंद आहे. १००० हर्ट्झचा सूर २-३ डेसिबलला ऐकू येतो, पण १०० हर्ट्झला सुमारे २६ आणि ५० हर्ट्झला ४४ डेसिबल लागतात. म्हणून शुद्ध ५० हर्ट्झपेक्षा त्याच्या पटीतल्या वरच्या सुरांची ‘झर्रर्र’ जास्त टोचते.

गोंगाट पुसून टाकण्यालाही सीमा आहे. बेल लॅबमधल्या जॉन जॉन्सन यांनी मोजून आणि हॅरी नायक्विस्ट यांनी गणिताने १९२८मध्ये दाखवून दिलं, की कुठल्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वळवळतात आणि त्यातून गोंगाट होतो. खोलीच्या तापमानाला १० किलोओहमच्या रोधात, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, तो सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट असतो. कंडिशनर कितीही महाग घ्या, तो तिथेच राहतो.

ज्यांना फरक ‘स्पष्ट’ ऐकू येतो, ते खोटं बोलत नसतात. किंमत ठाऊक असली की कान सावरून बसतो. दोन आवाजांतला एक किंचित मोठा असला तरी तोच चांगला वाटतो. म्हणून आवाज बारकाईने सारखा करून आणि काय वाजतंय ते लपवून चाचणी घेतात. अमेरिकेतल्या ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७मध्ये अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी मध्येच सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला. ५५४ वेळा विचारल्यावर बरोबर उत्तरं आली ४९.८ टक्के, म्हणजे नाणेफेकच. मात्र आवाज नेहमीपेक्षा खूप चढवला, तेव्हा त्या टप्प्याचा गोंगाट ऐकू आला. विजेच्या गोंगाटाची ती चाचणी नव्हती, पण तिथला न्याय इथेही चालतो: गोंगाट ऐकू येण्याच्या पातळीवर आला तरच तो गाण्याच्या आड येतो.

कॅसेटच्या काळात तो सतत आड येत होता. टेपची ‘स्स्स’ प्रत्येकाला ऐकू यायची. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून गेल्यावर त्यांनी जी पद्धत बाजारात आणली, तिच्या घरगुती रूपाने वरच्या पट्टीतली ‘स्स्स’ सुमारे १० डेसिबलने खाली आणली आणि कॅसेटवरचं गाणं ऐकण्याजोगं झालं. ज्या माणसाने गोंगाट कमी करून नाव कमावलं, त्याच्या नावाने आपण मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरना हाक मारतो!

आधी निदान, मग खरेदी

घरी तपासणं अवघड नाही. अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच्या आवाजावर ठेवा, गाणं थांबवा आणि नेहमीच्या खुर्चीत बसा. काही ऐकू येत नसेल, तर विजेवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा गालिचा आणि जाड पडदे घेतलेत, स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढलेत, तर जास्त फरक पडेल.

ऐकू येत असेल, तर आवाजाची घुंडी फिरवून बघा. गुणगुण तिच्यासोबत वाढली, तर ती घुंडीच्या आधी शिरते आहे. मग एकेक केबल काढत जा. लॅपटॉपचा चार्जर उपसल्यावर आवाज थांबला, तर चोर सापडला. खरखर असेल, तर मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर आकाशवाणीच्या दोन केंद्रांच्या मधे लावून घरभर फिरवा. दोषी दिव्याजवळ गेला की तो ओरडतोच. एक गोष्ट मात्र कधीही करू नका. गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. आवाज जाईल, पण उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरली तर जीवही जाईल.

माझ्या घरी चोर निघाला सेट-टॉप बॉक्स. त्याची केबल बाहेरून, स्वतःचं अर्थिंग घेऊन यायची आणि मी तो बॉक्स त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता. त्याची ऑडिओ केबल काढून ऑप्टिकल केबल लावली. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. लूप तुटला.

त्या रात्री पुन्हा तोच आलाप लावला. पुन्हा तो क्षण आला, आणि अगदी पुसट, पांढरी पाचच्या किंचित वर, ‘घूंऽऽ’! चिडून अ‍ॅम्प्लिफायरच बंद केला, तरी सूर तसाच. खिडकीशी गेलो. कोपऱ्यावरचं महावितरणचं रोहित्र गात होतं. त्याच्या लोखंडी गाभ्याची लांबी विजेच्या प्रत्येक झोक्यात दोनदा किंचित बदलते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा.

खिडकी लावली, पंखा बंद केला, आणि घाम पुसत आलाप पुन्हा पहिल्यापासून लावला.