मूळ प्रतीला हात न लावता

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्यूटर’ नावाचा तळहातावर मावणारा संगणक योजिला. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेला त्याचा ‘अमिडा’ हा नमुना बाजारात आला. तो फारसा खपला नाही, ही गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात लिनक्स ही कार्यप्रणाली होती, आणि प्रोसेसर मेजावरील संगणकाहून निराळ्या जातीचा, स्ट्राँगआर्म या नावाचा होता.

एकाच कार्यप्रणालीची मूळ संहिता अशा दोन जातींच्या यंत्रांसाठी रूपांतरित करावयाची, तर काय करावे? प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, हे सुचणे साहजिक आहे. परंतु प्रती लवकरच एकमेकींपासून दुरावतात. सर्वांनी एकाच प्रतीत काम करावे, तर दुसरेच संकट उभे राहते. रूपांतर करणारा ‘मेक’ हा कार्यक्रम मूळ फाइल आणि तिच्यापासून झालेली फाइल यांच्या वेळा ताडून पाहतो. झालेली फाइल नंतरची दिसली, की काम उरकले असे तो मानतो. ती कोणत्या प्रोसेसरसाठी झाली, याची त्याला फिकीर नसते. जात निराळी असेल, तर जोडणीच्या वेळी चूक उघड होते, हे त्यातल्या त्यात बरे. जात तीच आणि निवडलेले पर्याय तेवढे निराळे असतील, तर जोडणी बिनतक्रार होते आणि बिघाड ग्राहकाच्या हाती गेल्यावर कळतो!

म्हणून मूळ संहिता सर्वांना वाचण्यापुरतीच खुली ठेवावयाची, आणि फलित ज्याचे त्याने आपल्या निर्देशिकेत साठवावयाचे. सरकारी दप्तरखान्यातील मूळ कागदावर कोणी टिपणे करीत नाही, तसाच हा प्रकार. लिनक्सचा गाभा असा बाहेर बांधता येतो; मूळ जागी जुनी फलिते सापडली, तर तो आधी सफाई करावयास सांगतो. नेटबीएसडीने २००२ सालच्या १.६ या आवृत्तीत अशा बांधणीसाठी स्वतंत्र साधनच दिले.

यातही खाचा आहेत. संहिता एका संगणकावर आणि फलित दुसऱ्यावर असेल, तर दोहोंची घड्याळे जुळली पाहिजेत. पहिले पाच मिनिटे मागे असेल, तर नुकतीच केलेली दुरुस्ती जुनी ठरून वगळली जाते. शिवाय काही फाइली बांधणीच्या ओघात आपोआप तयार होतात. त्या मूळ जागीच लिहिण्याची जुनी सवय एखाद्या नियमात शिल्लक असते, आणि बांधणी मध्येच ‘लिहिण्यास मनाई’ म्हणून थांबते. नवखा अभियंता अशा वेळी लिहिण्याची परवानगी मागतो. जाणता तो नियम शोधून दुरुस्त करतो.