जवानासाठी गोधडी : शिवायची कशी, द्यायची कुणाला?

बऱ्हाणपूर : श्रावणात राख्या जातात, दिवाळीत फराळाचे डबे जातात. सीमेवरच्या जवानांना गावाकडून काहीतरी पाठवायची रीत महाराष्ट्रात आता चांगली रुळली आहे. थंडीच्या तोंडावर आणि ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या सुमारास आणखी एक कल्पना पुढे येते. हातानं शिवलेली गोधडी जवानाला भेट का देऊ नये? कल्पना चांगली आहे. पण ती सीमेवर पाठवायची की आणखी कुठे, त्यासाठी जुनं कापड चालेल का, आणि शिवणाऱ्या बाईच्या श्रमाचं काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

ही प्रथा आली कुठून?

सैनिकाला पांघरूण शिवून देण्याची चाल जगात जुनी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) घराघरांतल्या बायकांनी छावण्यांसाठी आणि लष्करी इस्पितळांसाठी गोधड्या शिवून पाठवल्या. त्यातल्या फारच थोड्या आज शिल्लक आहेत. बऱ्याच वापरून वापरून विरल्या, तर काही मृत सैनिकांसोबत मातीत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या बायकांनी रेडक्रॉसमार्फत ब्रिटनला गोधड्या धाडल्या. बॉम्बहल्ल्यात घर गमावलेली माणसं आणि इस्पितळातले जखमी यांनी त्या पांघरल्या.

सैनिकांनी स्वतःही गोधड्या शिवल्या आहेत. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धानंतर ब्रिटिश इस्पितळांतले जखमी शिपाई गणवेशाच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे जोडत बसत. हात गुंतलेले राहिले की दारू-जुगाराकडे मन जात नाही, असा त्यामागचा हिशेब होता. खाटेवर बसून शिवणकाम करणाऱ्या अशाच एका शिपायाचं १८५६ मधलं तैलचित्र लंडनमध्ये आजही जपलेलं आहे.

आजची संघटित चळवळ अमेरिकेतली. २००३ मध्ये कॅथरीन रॉबर्ट्स या बाईंनी ती सुरू केली. त्यांचा मुलगा तेव्हा इराकमध्ये तैनात होता. या चळवळीतून आजवर ३ लाखांहून जास्त गोधड्या आजी-माजी सैनिकांना दिल्या गेल्या आहेत. गोधडी बांधून नुसती टपालात टाकायची नाही, शक्यतो चारचौघांत सैनिकाच्या खांद्यावर पांघरायची, आणि ती कुणी शिवली, कुणासाठी शिवली हे तिच्या मागच्या बाजूला लिहायचं, अशी तिची पद्धत आहे.

१९६२ ची थंडी

आपल्याकडे गोधड्यांची अशी चळवळ झाली नाही, पण सैनिकाच्या थंडीनं घरंच्या घरं हलली असा काळ येऊन गेला आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीकाठी उभ्या असलेल्या आपल्या ब्रिगेडकडे उन्हाळी सुती गणवेश होते, आणि पांघरायला माणशी एक ब्लँकेट. चिनी हल्ला झाला आणि ही परिस्थिती देशापुढे आली. मग गावोगावी बायकांनी लोकरीचे स्वेटर विणायला घेतले, राष्ट्रीय संरक्षण निधीला अंगावरचं सोनं काढून दिलं. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' ही म्हण मराठी घरांत तेव्हापासूनची.

त्या वर्षी विणलेला स्वेटर ही खरीखुरी गरज होती. आज परिस्थिती तशी नाही. सियाचिनसारख्या ठिकाणी, जिथे पारा उणे ४० च्याही खाली जातो, जवानाला खास बनावटीचे कपडे आणि झोपायच्या पिशव्या मिळतात. तिथे गोधडीचा उपयोग नाही, उलट अडचणच व्हायची. सुती कापड दमट झालं की ऊब धरत नाही, जड होतं आणि लवकर वाळत नाही. उंचावर प्रत्येक किलो माणसाच्या पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरमधून चढवावा लागतो. 'छप्पन एपीओ' किंवा 'नव्व्याण्णव एपीओ'च्या पत्त्यावर राखीचं पाकीट सहज जातं. दोन किलोच्या गठ्ठ्याची गोष्ट वेगळी. युनिटला विचारल्याशिवाय तो पाठवूच नये.

मग गोधडी द्यायची कुणाला? याचं उत्तर बऱ्याचदा आपल्याच गल्लीत असतं.

सीमेवरून परतलेला माणूस

फौजेतला साधा जवान म्हातारा होऊन घरी येत नाही. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर त्याला पेन्शन लागू होते, आणि बरेच जण पस्तिशी-चाळिशीतच गावी परततात. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत तर सेवा चारच वर्षांची आहे, आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा तरुण फौजेत कायम होणार. म्हणजे येत्या काळात गावोगावी परतलेल्या सैनिकांची संख्या वाढणार, आणि तेही ऐन पंचविशीतले.

जाणाऱ्याला गाव हार घालतं, वाजतगाजत स्टेशनावर पोचवतं. येणाऱ्याचं काय? काही गावांत निवृत्त जवानाची मिरवणूक निघते, पण ती एका दिवसाची. दुसऱ्या दिवसापासून तो सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज भरत असतो. गोधडीची जागा इथे आहे. ती हुतात्म्याच्या पत्नीच्या, म्हणजे वीरनारीच्या घरी आहे, आणि मुलगा अजून सीमेवर असलेल्या आई-वडिलांच्या घरीही. 'तुझं काम झालं, आता निवांत पड' हे एखाद्या वस्तूतून सांगायचं झालं, तर पांघरुणाइतकं नेमकं दुसरं काही सापडत नाही.

मराठी माणसाच्या बाबतीत हा विषय राज्याच्या हद्दीत मावणारा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र कर्नाटकात, बेळगावला. १९४१ मध्ये बेळगावलाच उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात, सागरला. इन्फंट्री स्कूल महूला, जिथे सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर जन्मले. रावेरचा किंवा मुक्ताईनगरचा जवान शेजारच्या राज्यात घडतो आणि परत येतो. त्याच्यासाठी शिवायला बसणारे हात इच्छापूरचे असले काय आणि रावेरचे असले काय, दोन्हीकडची गोधडी एकच.

बऱ्हाणपूरकडे काय आहे?

बऱ्हाणपूरला कापड आणि फौज हे दोन्ही शब्द नवे नाहीत. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि त्यानंतर हे शहर मुघलांच्या दख्खन मोहिमांचा मोठा तळ बनलं. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निए इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान आणि पार पोलंडपर्यंत जात असल्याचं नोंदवतो. त्या काळच्या फौजांत कापूस नुसता अंगावर घालायला नव्हता. सुती कापडाचे थर एकावर एक शिवून केलेले जाड अंगरखे शिपाई चिलखताच्या जागी वापरत. तलवारीचा वार अडवायला जे तंत्र, तेच थंडी अडवायला. थर रचायचे आणि धावदोऱ्यानं एकजीव करायचे.

आजही शहरात हजारो पॉवरलूम आहेत, निमाड-खान्देशात कापूस पिकतो, आणि तापीकाठच्या जुन्या घरांत गोधडी शिवता येणाऱ्या बायका आहेत. कमी पडतंय ते मऊ, वापरलेलं सुती कापड. नऊवारी लुगडी गेली, रोजच्या साड्या सिंथेटिक झाल्या. सिंथेटिक साडीवर सुई घसरते, घाम टिपला जात नाही, आणि चुलीची ठिणगी पडली की कापड वितळून अंगाला चिकटतं. त्यात बाजारातलं मिंक ब्लँकेट स्वस्त आणि लगेच मिळणारं. शिवणाऱ्या हातांना काम नाही मिळालं तर पुढच्या पिढीत हे हात उरणार नाहीत.

गोधडी, वाकळ की रजई?

नावांचा थोडा घोळ होतो. रजईत पिंजलेला कापूस भरतात, त्यासाठी पिंजारी लागतो. गोधडीत भरण नसतं, कापडाचेच थर असतात. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात, उत्तर कर्नाटकात कौदी, निमाडात गोदडी. ऊब कापडाची नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. म्हणून एका जाड चादरीपेक्षा पाच-सहा पातळ थर जास्त ऊब देतात.

जुनं कापड दिलं तर अपमान होईल का?

हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतल्या चळवळीत चांगलं, नवं सुती कापड वापरतात. आपली गोधडी मात्र जुन्या लुगड्यांची. 'सैनिकाला जुनं कसं द्यायचं?' असं वाटणं साहजिक आहे.

पण आपल्या घरातला रिवाज आठवून पाहा. घरात सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात लाडकं कोण, तर नुकतं जन्मलेलं बाळ. त्याला नव्या कोऱ्या कापडात गुंडाळत नाहीत. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं करतात. ज्या गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत, त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांपुढे सगळा महाराष्ट्र वाकला. आपल्याकडे जुनं कापड म्हणजे टाकून दिलेलं कापड नव्हे. ते वापरलेलं असतं, म्हणजे कुणाच्या तरी अंगाचं असतं. फरक एवढाच की कापड स्वच्छ हवं आणि विरलेलं नको. मधला मार्गही आहे. आतले थर घरच्या जुन्या सुती साड्यांचे आणि वरचा-खालचा थर लूमवरच्या नव्या सुती कापडाचा.

हिशेब साधा आहे

५ फूट बाय ७ फुटांची गोधडी एका माणसाला पुरते. एका नऊवारीतून तिचे जवळपास तीन थर निघतात, म्हणजे सहा थरांना दोन लुगडी लागतात. जमिनीवर थर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आधी लांब कच्चे टाके घालून घ्यायचे, मग धावदोरा.

ओळी दोन-दोन सेंटीमीटरवर घेतल्या तर पाऊणशे ओळी होतात. प्रत्येक ओळ सात फुटांची. सगळी शिवण दीडशे मीटरच्या वर जाते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटीमीटर धरलं, तर एका गोधडीत पंधरा हजारांहून जास्त टाके पडतात. रोज दुपारी दोन तास बसलं तरी पंधरवडा सहज जातो.

हा आकडा गाव-संस्थांनी ध्यानात ठेवायचा. भेट गावाची, फोटो पुढाऱ्यांचा आणि पंधरा हजार टाके एका बाईचे फुकट, असं होता कामा नये. घरच्या बाईनं आपल्या माणसासाठी शिवली तर तो जिव्हाळा. संस्थेनं किंवा पंचायतीनं बचत गटाकडून शिवून घेतली तर ती मजुरी, आणि ती ठरवून, वेळेवर द्यायची. कृतज्ञता एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी गोधडी ऊब देत नाही.

एवढं टाळा

राष्ट्रध्वज गोधडीवर भरू किंवा छापू नये. उशा, रुमाल, कपड्यांचं कापड अशा वस्तूंवर ध्वज भरणं १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमान प्रतिबंधक कायद्यात अपमान मानलेलं आहे. पांघरुणाला वेगळा न्याय लावायचं कारण नाही. तिरंगी रंग वापरायचेच तर ध्वजाची आकृती होणार नाही अशा तुकड्यांत वापरावेत.

लष्करी गणवेशाच्या छापाचं कापड बाजारातून घेऊ नये. २०२२ मध्ये आलेल्या नव्या छापाचे हक्क लष्करानं नोंदवून घेतले आहेत.

माणूस वयस्क असेल तर चारच थर घ्यावेत. सहा थरांची ओली गोधडी एकट्यानं उचलून पिळणं जमत नाही. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून अर्धांगवायूग्रस्त सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. अशा ठिकाणी द्यायची असेल तर आधी विचारावं. ज्याच्या पायांना संवेदना नाही, त्याच्या अंगाखाली जाड शिवण किंवा गाठ आली तर कातडीला जखम होते आणि त्याला ती कळतही नाही.

द्यायची कशी?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिक आणि वीरनारींची नोंद असते. तिथे विचारलं तर आपल्या तालुक्यात कुणाकडे जायचं ते कळतं. घरच्यांना आधी सांगून जावं. नुकतंच दुःख झालेलं घर असेल तर घाई करू नये, कॅमेरा तर नकोच.

गोधडीच्या एका कोपऱ्यात साखळी टाक्यानं तीन गोष्टी भराव्यात: शिवणारीचं नाव, गाव आणि साल. बायकांनी आयुष्यभर शिवलेल्या गोधड्यांवर त्यांचं नाव कुठेच नसतं. इथे ते असावं. घेणाऱ्यालाही आपल्या झोपेसाठी कोण जागलं, ते कळलं पाहिजे.